डाव्या हाताची सही

माझ्या आईचा एक स्वभाव आहे. तिच्यासाठी कुणी एकदा काही केलं की तो माणूस तिच्या देवघरात जाऊन बसला. मग तो पुढे काहीही करो, आई त्याला तिथून हलवत नाही. त्या देवघरात पहिला मान भाऊंचा.

भाऊ आमचे सख्खे कुणी नव्हेत. आम्ही चिंचणीचे, समुद्राकाठचे. ते आत गंजाडकडचे. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे म्हणून आम्हीही म्हणायचो. पुढे ते राजकारणात मोठे झाले, सभापती झाले, पांढऱ्या गाडीतून फिरले, आणि मग लाच घेताना पकडले जाऊन कोर्टात दोषी ठरले. त्या खटल्यात त्यांच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्यांत मी होते. हे आधीच सांगून टाकते, कारण लोकांना असल्या गोष्टी माझ्या पाठीमागे कुजबुजायची फार हौस आहे आणि मला कुजबुजीचा संताप येतो. आणि हेही सांगते की आज मी जी काही आहे त्यात या माणसाचा मोठा वाटा आहे, आणि तो मी मरेपर्यंत मानणार. कुणाला पटो न पटो.

मी दहावी झाले तेव्हाची गोष्ट. पुढे शिकायचं तर डहाणूला राहायला हवं होतं. घरचं मत साफ होतं, शिकली तेवढी पुरे, आता बोंबील वाळवायला बस. बाबा होडीवर, आई सुकी मासळी घेऊन बाजाराला, आणि घरातलं सगळं माझ्या अंगावर. मी तीन दिवस जेवले नाही. म्हणजे आईसमोर जेवले नाही, शेजारच्या काकूंकडे जेवत होते. शेवटी आई वैतागली, कचेरीबाहेर बसणाऱ्या एका अर्ज लिहिणाऱ्याकडून तिनं मुलींच्या वसतिगृहासाठी अर्ज लिहून घेतला. वसतिगृहवाले म्हणाले, जागा नाही. कुणा लोकप्रतिनिधीची शिफारस आणा, मग बघू.

गंजाडकडच्या आठवड्याच्या बाजारात आई मासळी विकायला बसायची. तिथेच चहाच्या टपरीपाशी एका बाकावर भाऊ बसायचे. नुकतेच निवडून आले होते, अंगात साधा सदरा, पायात टायरच्या चपला. बाजाराला आलेले लोक कनवटीला बांधून आणलेले अर्ज त्यांच्यापुढे काढायचे. आणि त्यांची एक पद्धत होती. सही करण्याआधी ते प्रत्येक अर्ज मोठ्यानं वाचायचे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. ज्याचा अर्ज त्याला समोर उभं करून. तो मान हलवत नाही तोवर सही नाही. मागे रांग लागली, लोक कुरकुरले, तरी नाही.

याचं कारण त्यांनी पुढे कधीतरी आम्हाला सांगितलं. त्यांच्या वडिलांनी न वाचलेल्या एका कागदावर अंगठा उठवला होता. काय लिहिलंय ते कुणी त्यांना वाचून दाखवलं नाही. नंतर कळलं की जमीन गेली, तिच्यावरच्या आंब्यांसकट. "माणसाला माहीत नको का, आपल्या नावावर काय लिहिलंय?" असं ते म्हणायचे.

तर आमचा अर्ज त्यांनी वाचायला घेतला. आई समोर, मी तिच्या मागे. दुसऱ्याच ओळीत आलं, "मुलीचे वडील हयात नसून..."

"मेला?" आई ओरडलीच. "अहो, पहाटे होडी घेऊन गेलाय तो! कोणी मारला त्याला?"

सगळा बाजार हसला. अर्ज लिहिणाऱ्यानं दया यावी म्हणून बाबांना कागदावरच मारून टाकलं होतं, आणि वर त्याचे पैसे घेतले होते. आईनं त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धारल्या. भाऊंनी तो कागद फाडला, टपरीवाल्याकडून कोरा कागद घेतला आणि स्वतः अर्ज लिहिला. डाव्या हातानं. वडील हयात आहेत, मुलगी हुशार आहे, वसतिगृहात जागा नाही असं सांगतात पण तिथे खाटा रिकाम्या आहेत, मी स्वतः जाऊन बघतो. लिहून झाल्यावर कागद माझ्या हातात दिला.

"वाच. मोठ्यानं. जे लिहिलंय तेच वाच, तुझ्या पदरचं घालू नको आणि गाळूही नको."

मी वाचलं. त्यांनी सही केली. आईला मेलीला तिथेही राहवलं नाही. म्हणाली, "भाऊ, चांगल्या कामाला डावा हात?"

"मावशी," ते हसून म्हणाले, "माझा हाच हात शिकलेला आहे."

आणि ते खरोखर वसतिगृहात गेले हो! एसटीनं, दोन खेपा घालून. रिकाम्या खाटा मोजून आले. मला जागा मिळाली. मी बारावी झाले, बीए झाले, परीक्षा देऊन सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन आई आधी गंजाडला गेली, मग गावदेवीला. मला याचा तेव्हा राग आला नव्हता आणि आताही येत नाही.

पुढची वर्षं मी मसोलीत राहिले, संसार झाला, आणि भाऊ चढत गेले. त्यांना मी लांबून बघत होते. एकदा एका मैत्रिणीच्या कामासाठी तलासरीला त्यांच्या संपर्क कार्यालयात गेले, तर तिथे बाक नव्हता, गुबगुबीत खुर्च्या होत्या. लोक अर्ज घेऊन उभे. भाऊ फोनवर बोलत होते आणि हातानंच खूण करत होते, ठेव तिथे. टेबलावर कागदांचा ढीग. एकही वाचला जात नव्हता. मी घरी येऊन आईला सांगितलं तर ती माझ्यावरच घसरली. "एवढ्या मोठ्या माणसाला वेळ असतो का गो? तुझी कचेरी वाचते का सगळे कागद?" आमची कचेरीही वाचत नव्हती.

मग तो दिवस आला. सरकारी नोकरांना हे माहीत असतं, पण बाहेरच्यांसाठी सांगते. लाच घेणाऱ्याला पकडायचं असलं की लाचलुचपत विभागाच्या पथकाला दोन पंच लागतात, आणि ते दुसऱ्या कुठल्या तरी सरकारी कचेरीतून मागवतात. नुसतं पत्र येतं, अमुक वेळेला एक कर्मचारी पाठवा. कशासाठी, कुणासाठी, काही सांगत नाहीत. ते पत्र आलं की कचेरीत सगळ्यांना एकदम कामं सुचतात. एकाची सासू आजारी, एकाचा पाय मुरगळलेला. माझं आदल्याच दिवशी साहेबांशी कडाक्याचं वाजलं होतं. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही जा."

पथकाच्या कचेरीत गेल्यावर तक्रार वाचायला दिली. तक्रारदार बाई तलासरीकडची, बचत गटातली. त्यांचा गट अंगणवाडीतल्या मुलांसाठी जेवण शिजवायचा. ते काम पुढे चालू ठेवायचं तर सभापती पैसे मागतात, असं तिनं लिहिलं होतं. सभापतींचं नाव वाचलं आणि मी पाणी मागितलं.

"मी ओळखते यांना," मी पथकाच्या साहेबांना म्हटलं.

"सगळा जिल्हा ओळखतो, मॅडम. भांडण आहे का तुमचं? नात्यातले आहेत?"

"नाही."

"मग झालं तर."

ती बाई माझ्या शेजारी बसली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. पथकाच्या माणसांनी नोटांना पांढरी पूड लावून दाखवली, अशा नोटेला हात लागला आणि तो हात औषधाच्या पाण्यात बुडवला की पाणी गुलाबी होतं. बाईनं पैसे द्यायचे, बाहेर येऊन डोक्यावर पदर घ्यायचा, ती आमची खूण. पहिले पंच दुसऱ्या खात्यातले एक गृहस्थ होते, ते तिच्याबरोबर भाऊंच्या कार्यालयात आत जाणार होते. मी पथकाबरोबर बाहेर थांबायचं होतं.

खरं सांगते, हायवेवर पथकाच्या गाडीत बसून मी देवाला विनवत होते की भाऊंनी पैसे घेऊ नयेत. बाईला हाकलून द्यावं, शिव्या द्याव्यात, काहीही करावं. तेवढ्यात ती बाहेर आली आणि तिनं पदर डोक्यावर घेतला.

आम्ही आत शिरलो. भाऊंनी पथकाकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. "तू?" एवढंच म्हणाले. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

दोन ग्लासांत ते औषधाचं पाणी केलं. उजवा हात बुडवला, पाणी तसंच राहिलं. डावा बुडवला आणि पाणी गुलाबी झालं. दोन्ही पाणी बाटल्यांत भरलं, बाटल्यांना सील लावलं, चिठ्ठ्यांवर उजवा, डावा असं लिहून आमच्या सह्या घेतल्या. मग पंचनामा छापून आला. पथकाचे साहेब म्हणाले, सह्या करा, सहा वाजून गेलेत, सगळ्यांना घरी जायचंय.

पहिल्या पंचांनी पेन उघडलं. मी म्हटलं, "मला वाचायचाय. मोठ्यानं. यांच्यासमोर."

"अहो मॅडम, सगळा नेहमीचाच मजकूर आहे."

"असू दे. यांच्या नावावर काय लिहिलंय ते यांना ऐकू येऊ दे."

हे माझ्या तोंडून गेलं तेव्हा भाऊंनी मान वर केली. मी वाचत गेले. भलं मोठं प्रकरण होतं. आणि तिसऱ्या पानावर आलं की आरोपीनं रक्कम उजव्या हातानं घेतली, आणि उजव्या हाताचं पाणी गुलाबी झालं. मी थांबले. आधीच्या कुठल्या तरी पंचनाम्यावरून मजकूर उचलला होता, दुसरं काय! नावं बदलली, तारखा बदलल्या, हात बदलायचा राहिला. कुणाला नावं ठेवू? आम्ही कचेरीत रोज हेच करतो. जुनं पत्र उघडायचं, नाव बदलायचं, पाठवून द्यायचं. एकदा तर मी एका जिवंत माणसाला कैलासवासी लावून पत्र धाडलं आहे.

"हे चूक आहे," मी म्हटलं. "डावा हात होता."

पहिले पंच म्हणाले, "हो की! आतही डाव्यानंच घेतले." साहेबांनी कपाळाला हात लावला. पेनानं उजवा खोडून डावा केला, शेजारी आमच्या छोट्या सह्या झाल्या. भाऊ ओला हात मांडीवर उताणा ठेवून बसले होते.

मला तेव्हा एवढंच वाटत होतं की त्यांच्या बाबतीत खोटं एक अक्षर जाऊ नये. त्यांच्या उपकाराची तेवढीच फेड मला त्या खोलीत सुचली.

खटला उभा राहायला वर्षं गेली. भाऊंचं पद गेलं, गाडी गेली. ते सगळ्यांना सांगत, मला अडकवलं, मी पैशांना हातही लावला नाही. साक्षीची तारीख लागली आणि त्यांचा मेहुणा माझ्या घरी आला, चिकूची पेटी घेऊन. फार गोड बोलला. "ताई, तुम्हाला कोण खोटं बोलायला सांगतंय? नुसतं आठवत नाही म्हणा. इतक्या वर्षांनी कुणाला आठवतं?"

मी त्याला चिकूसकट बाहेर काढला. पण आई तेव्हा माझ्याकडेच राहायला आली होती. ती दारात उभी राहिली.

"म्हण की गो आठवत नाही. काय जातं तुझं?"

"आई, ती बाई तुझ्यासारखीच आहे. पोरांसाठी खिचडी शिजवून घर चालवते. तिच्याकडून पैसे घेतले त्यांनी."

"आणि तुला खुर्चीवर कोणी बसवलं? कोणाच्या सहीनं शिकलीस? खाल्ल्या घरचे वासे मोजायला शिकवलं का मी तुला?"

मी खूप रडले. आईचं चूक नव्हतं हो, तेच तर दुखत होतं. मी आठवत नाही म्हटलं असतं तर भाऊ सुटायची शक्यता होती. आठवतं म्हटलं तर मी आईच्या नजरेत बेईमान. पालघरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात ती बचत गटातली बाई भेटली. कामाचा दिवस बुडवून आली होती, गावात निम्मी माणसं तिच्याशी बोलत नव्हती. तिनं मला हळूच विचारलं, "ताई, तुम्ही फिरणार नाही ना?" मी तिच्या शेजारी बसले. तिनं डब्यातली अर्धी भाकरी मला दिली. त्या भाकरीचे उपकार मी भाऊंच्या सहीइतकेच मानते.

भाऊंच्या वकिलांनी ती खाडाखोडच धरली. "पोलिसांनी सांगितलं म्हणून उजव्याचं डावं केलंत ना?"

"नाही. मीच सांगितलं."

"इतक्या बारकाईनं आठवण कशी राहिली?"

"पाणी मी डोळ्यांनी बघितलं. आणि भाऊ डावखुरे आहेत ते मला आधीपासून माहीत आहे."

"कसं काय?"

"माझ्या वसतिगृहाच्या अर्जावर त्यांनी डाव्या हातानं सही केली होती. त्यांच्यामुळेच मी शिकले. त्यांचे उपकार आहेत माझ्यावर."

वकील खाली बसले. मी आरोपीच्या पिंजऱ्याकडे बघितलं नाही, माझी हिंमत झाली नाही.

निकाल लागला. सक्तमजुरी आणि दंड. वरच्या कोर्टात अपील होईपर्यंत जामीन मिळाला. आई माझ्याशी बोलायची बंद झाली. डबा करून द्यायची, माझ्या आवडीची मासळी आणायची, पण शब्द नाही. पंधरा दिवसांनी एका रविवारी पिशवीत सुके बोंबील भरून ती चपला घालून उभी राहिली. कुठे जायचं ते मी विचारलं नाही. मुकाट्यानं तिच्यामागे एसटीत बसले.

भाऊ घराच्या ओट्यावर खुर्चीत बसले होते. केस पांढरे, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. आई पुढे, मी तिच्या मागे, पहिल्यासारखीच.

"मावशी, काका कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

"हयात आहेत," आई म्हणाली.

भाऊ खो खो हसले. मला हसावं की रडावं कळेना. मग ते घरात हाक मारून म्हणाले, "ते कागद आण." त्यांची बायको एक जाड गठ्ठा घेऊन आली. निकालाची प्रत होती, इंग्रजीतली. त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

"वाच. आणि मराठीत सांग."

"भाऊ, मी?"

"मग कोण? वकील म्हणतो वरच्या कोर्टात बघू. पोरं म्हणतात राहू द्या. अजून एकानंही वाचून दाखवलं नाही. माझ्या नावावर काय लिहिलंय ते मला माहीत नको?"

मी ओट्यावर बसले आणि वाचायला लागले. एक वाक्य वाचायचं, मराठीत सांगायचं, पुढे जायचं. तासभर गेला असेल. बायको दारात टेकून ऐकत होती. मग माझा उल्लेख आला. मी तोपर्यंत निकाल वाचलेला नव्हता. पुढचं वाक्य डोळ्यांनी वाचलं आणि मी थांबले.

"थांबू नको," भाऊ म्हणाले. "गाळायचं नाही."

मी वाचलं. दुसऱ्या पंचाला आरोपीबद्दल आदर आहे, तो तिनं लपवलेला नाही. तिनं पंचनामा वाचून चूक दुरुस्त करवली नसती, तर बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या आणि पंचनामा जुळले नसते, आणि संशयाचा फायदा आरोपीला द्यावा लागला असता.

म्हणजे मी सही करून गप्प बसले असते तर ते सुटले असते. मी ज्याला फेड समजत होते त्यानंच त्यांना अडकवलं होतं.

भाऊंनी चष्मा काढला. डावा हात समोर धरून त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे नाही, दारात उभ्या बायकोकडे बघून म्हणाले, "हात डावाच होता. माझा तोच शिकलेला."

ती बिचारी इतकी वर्षं नवऱ्याला अडकवलं असंच सगळ्यांना सांगत आली होती. ती हळूच उंबऱ्यावर बसली.

"चांगलं वाचतेस," भाऊ मला म्हणाले. "पहिल्यापासूनच. उरलंय ना अजून?"

"शिक्षेचं पान उरलंय."

"वाच मग."

माझा घसा पार बसला होता. आईनं पाण्याचा तांब्या उचलून माझ्या हातात दिला. "पाणी पी गो आधी," ती म्हणाली, "आणि सावकाश वाच." मी पाणी प्यायले आणि शेवटचं पान वाचायला घेतलं.